नाताळच्या डब्यांचा रंग दरवर्षी निघतो? आधी तो कसा निघतो ते बघा

नाताळ होऊन आठ दिवस झाले की हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. "मुलांसाठी रिकाम्या डब्यांचे पेनस्टँड केले होते, सुंदर झाले होते, पण आठवड्याभरात रंग निघाला. पुढच्या वर्षी कुठला रंग आणू?" विचारणारा बहुतेक वेळा महागातला रंग आणायच्या तयारीत असतो. मीही तीन वर्षं तेच केलं. दर वर्षी नवा रंग आणि दर वर्षी तीच गत. मग एकदा निघालेले डबे समोर मांडून नीट पाहिले, तेव्हा लक्षात आलं की सगळ्यांचा रंग एकसारखा निघालेला नाही. एकाचा उभ्या पट्टीत गेला होता, दुसऱ्याचा केळ्याच्या सालीसारखा अख्खा सुटला होता, तिसरा हाताला अजून चिकट लागत होता आणि चौथ्याच्या रंगाखालून तांबूस ठिपके वर आले होते. ही चार वेगळी दुखणी आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

मी वसईची. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला शिकवते. वर्गात चाळीसेक मुलं असतात आणि नाताळला प्रत्येकाला हाताने केलेली काहीतरी छोटी भेट द्यायची, अशी आमची पद्धत आहे. डबे आयते मिळतात, कारण डिसेंबरात घरोघरी नाताळचा फराळ सुरू झालेला असतो. मिल्क क्रीम, खोबऱ्याच्या वड्या, केक यांच्यापायी कंडेन्स्ड मिल्कचे डबे रिकामे होत असतात. शिवाय अननसाच्या चकत्यांचे, रसगुल्ल्यांचे, आंब्याच्या रसाचे, बेकिंग पावडरचे चिमुकले. त्यांचे पेनस्टँड होतात, कंदील होतात, गल्ले होतात, दोऱ्याचा टेलिफोन होतो.

2023 साली मात्र फजिती झाली. त्या वर्षी नाताळ सोमवारी होता, म्हणजे आगमनकाळाचा (नाताळआधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळाचा) चौथा रविवार थेट 24 डिसेंबरला. आम्ही नेहमीसारखे चार रविवार धरून बसलो होतो, पण हाताशी तीनच होते. 17 तारखेला रंगवलेले डबे आम्ही 23 तारखेला पारदर्शक कागदात गुंडाळून वर सॅटिनची फीत बांधली. वाटप झालं. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हलक्या हाताने कागद सोडवला आणि डब्यावरचा पिवळा तारा कागदाबरोबरच उठून आला, पाचही टोकांसकट, एका तुकड्यात. खाली चकचकीत पत्रा. तिने तो तारा कागदावरून सोलला, तळहातावर ठेवला आणि मला विचारलं, "टीचर, हा परत चिकटवता येईल?"

त्या डिसेंबरापासून मी हे सगळं मुळापासून शिकून घेतलं. पुढे लिहिलंय ते त्यातूनच.

डब्याच्या अंगावर काय असतं

फ्रिजवरचा चुंबक घ्या आणि डब्याला लावा. चिकटला तर डबा पोलादी पत्र्याचा, नाही चिकटला तर ॲल्युमिनियमचा. खाण्याच्या पदार्थांचे डबे बहुतेक पोलादी असतात, शीतपेयांचे कॅन ॲल्युमिनियमचे.

पोलादी डब्यावर कथलाचा पातळ थर दिलेला असतो. तांब्या-पितळेच्या भांड्यांना आपण कल्हई करून घ्यायचो ना, तेच हे कथील. कल्हई शाबूत आहे तोवर डबा गंजत नाही. तिच्यावर खोल ओरखडा गेला किंवा खिळ्याने भोक पाडलं की खालचं लोखंड उघडं पडतं. डब्याच्या बाहेरच्या अंगाला कथील अशा उघड्या लोखंडाचं रक्षण करत नाही. उलट त्याच्या शेजारी लोखंड जास्तच लवकर गंजतं. कित्येक डब्यांना कल्हईवर आणखी एक लाखेसारखा पारदर्शक थर असतो. डबा आतून सोनेरी किंवा पांढरा दिसतो तो अशाच थरामुळे. ॲल्युमिनियमच्या कॅनवर छापील रंग आणि त्यावर व्हार्निश असतंच.

म्हणजे आपण रंग पत्र्याला लावत नसतो, एका गुळगुळीत, काहीही न शोषणाऱ्या कातडीला लावत असतो. कागद किंवा लाकूड रंग थोडा पिऊन घेतं, म्हणून तिथे तो धरून राहतो. इथे त्याला पकडायला काहीच नसतं.

उभ्या पट्टीत निघालेला रंग

माझ्या डब्यांत सगळ्यात जास्त हेच सापडलं, आणि याचं कारण खोबरेल तेल.

डब्यावरचा कागद काढायला आपण गरम पाण्यात डबा बुडवतो. कागद सहज निघतो, कारण तो सगळीकडे चिकटवलेला नसतोच. डब्याभोवती गुंडाळून जिथे दोन टोकं एकमेकांवर येतात, तिथल्या उभ्या पट्टीतच काय तो गोंद असतो. तो चिवट गोंद काढायला घरोघरी एकच उपाय चालतो. खोबरेल तेलात खाण्याचा सोडा कालवून चोळायचा. गोंद निघतो, यात शंका नाही. पण तेल तिथेच राहतं. वरवर साबण लावून धुतलं तरी त्याचा पातळ ओशटपणा जात नाही. मग त्या पट्टीवर रंग बसल्यासारखा दिसतो आणि आठ दिवसांनी नेमका तेवढाच उठतो. अंगठ्याच्या आकाराचे गोल तुकडे निघत असतील तर तेही हेच आहे. धुतलेला डबा मुलांनी फराळाच्या हाताने उचललेला असतो.

तेल वापरूच नका असं मी म्हणत नाही. तेल वापरलं की भांड्यांच्या साबणाने गरम पाण्यात दोनदा धुवा, वाळवा आणि मग कापसावर सर्जिकल स्पिरिट घेऊन सगळा डबा पुसा. कापूस काळपट येत असेल तर दुसरा घ्या. स्पिरिट पेट घेतं, म्हणून गॅस आणि मेणबत्ती लांब ठेवा आणि हे काम मोठ्यांनीच करा. त्यानंतर डबा फक्त कडेला धरायचा किंवा आत हात घालून उचलायचा.

काही जण व्हिनेगरने पुसायला सांगतात. पोलादी डब्याला मी ते लावत नाही. व्हिनेगर आम्ल आहे. तळाच्या दुमडलेल्या शिवणीत ते शिरलं आणि नीट धुतलं गेलं नाही, तर गंजाला आपणच आमंत्रण देतो.

डबा खरंच स्वच्छ झाला का, हे बघायची साधी खूण आहे. खाली लिहिल्याप्रमाणे डबा घासून झाल्यावर त्यावर नळाचं पाणी सोडा. पाणी सलग पसरून खाली उतरलं तर डबा स्वच्छ. अळूच्या पानावर होतात तसे थेंब थेंब गोळा झाले तर अजून तेल आहे, परत धुवा.

अख्खा सोलून येणारा रंग

रंगाचा एक कोपरा नखाने उचलला आणि बाकीचा सापाच्या कातेसारखा निघत गेला, तर डबा घासलेला नाही हे पक्कं समजा. महागातला रंग इथे कामाला येत नाही. रंग जितका लवचीक आणि चांगला, तितका तो मोठ्या तुकड्यात निघतो, एवढाच फरक.

हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपर मिळतो. 220 नंबरचा घ्या. गोल गोल फिरवत डबा हलक्या हाताने घासायचा. चकाकी जाऊन पत्रा दुधी दिसायला लागला की थांबायचं. जोर लावून घासू नका, कल्हई खरवडून लोखंड उघडं पाडायचं नाही, फक्त वरची कातडी खरखरीत करायची आहे. डब्याच्या पोटावर ज्या आडव्या वळ्या असतात, त्यांच्या खोबणीत पेपर पोचत नाही. तिथे पेपराची घडी घालून तिची कड खोबणीतून फिरवावी लागते. माझ्याकडे सालं निघायला सुरुवात नेहमी या वळ्यांपासूनच झालेली आहे. घासून झाल्यावर भुकटी ओल्या फडक्याने पुसा आणि एकदा स्पिरिट फिरवा.

मग प्रायमर, म्हणजे रंगाला पकड मिळावी म्हणून त्याच्या आधी द्यायचा थर. त्यावर पहिला हात इतका पातळ द्या की खालचं दिसत राहील. तो पूर्ण वाळल्यावर दुसरा, लागला तर तिसरा. मुलांच्या हातात ब्रश दिला की ती रंगाचा जाड थर थापतात, त्यात त्यांची चूक नाही, पत्र्यावर ब्रश सरकतो आणि झाकलं जात नाही म्हणून ती आणखी रंग घेतात. आम्ही आता ब्रश देतच नाही. गादीतल्या फोमचे चौकोनी तुकडे कापतो, रंग ताटलीत पातळ पसरतो आणि फोम टेकवून टेकवून लावायला सांगतो. थर आपोआप पातळ बसतो. सहा वर्षांच्या मुलांनाही हे जमतं, आणि त्या ठिपक्यांमुळे डबा बर्फ पडल्यासारखा दिसतो.

रंगवून दिवस उलटला की तळाजवळ, कुणाला दिसणार नाही अशा जागी, चिकटपट्टीचा तुकडा घट्ट दाबून लावा आणि झटक्यात ओढा. रंग पट्टीला आला, तर सगळे डबे रंगवायच्या आधी थांबा. मी आता प्रत्येक जातीच्या एका डब्यावर हे करून पाहिल्याशिवाय वर्गात डबे नेत नाही.

चिकट राहणारा, कागदाला लागणारा रंग

तो पिवळा तारा कागदाबरोबर आला त्याला दोन कारणं होती. डबा घासलेला नव्हता हे एक, आणि रंग आतून पिकलेला नव्हता हे दुसरं. ॲक्रिलिक रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण तो वरवरचा कोरडेपणा. आतून घट्ट व्हायला पातळ थरालासुद्धा आठवडाभर द्यावा, जाड थराला दोन-तीन आठवडे. तोवर त्याच्यावर काहीही दाबून ठेवलं की तो त्या वस्तूला धरतो. पारदर्शक कागद हा सगळ्यात वाईट, कारण आतली वाफ बाहेर जात नाही. एकात एक घातलेले डबेही असेच अडकतात.

आपल्याकडे किनारपट्टीला आणखी एक अडचण असते. डिसेंबरात दुपार कोरडी असते, पण पहाटे दव पडतं. ओसरीवर रात्रभर वाळत ठेवलेले डबे सकाळी घाम आल्यासारखे ओले असतात, आणि अर्धवट वाळलेल्या रंगावर पाणी बसलं की तो ढगाळ होतो, कधी फुगतो. ऊन उतरायच्या आत डबे घरात घ्या आणि पंख्याखाली ठेवा. लवकर वाळावा म्हणून डबा गॅसवर धरू नका. कथील 232 अंश सेल्सियसला वितळतं, गॅसची ज्योत त्याहून कितीतरी गरम असते, आणि आतला थर जळून त्याचा धूर होतो.

बांधणीसाठी आम्ही आता सुती कापडाच्या छोट्या पिशव्या शिवतो. वेळ नसेल तर डब्याभोवती बटर पेपर सैल गुंडाळून वर फीत बांधावी. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

तांबूस ठिपके

हे ठिपके कुठे येतात ते बघा. भोकांभोवती, कापलेल्या कडेला आणि तळाच्या शिवणीला. पहिल्या दोन ठिकाणी कल्हई तुटलेली असते, तिसऱ्या ठिकाणी पाणी साचलेलं असतं. समुद्राच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होतं.

धुतलेला डबा उलटा ठेवून आपण तो वाळला असं समजतो, पण तळाच्या दुमडीत पाणी तसंच असतं. दुपारच्या उन्हात आधी उलटा आणि मग आडवा ठेवून फिरवत राहा. भोकं रंग लावायच्या आधी पाडा, म्हणजे प्रायमर भोकांच्या कडांनाही लागेल. आधी रंगवून मग भोकं पाडली की प्रत्येक भोक हे गंजाचं दार होतं, आणि आमच्या कंदिलांना ते पहिली दोन वर्षं झालं. रोप लावायला डबा देणार असाल तर माती सरळ डब्यात भरू नका. आत प्लास्टिकचा पेला बसवा, माती त्यात भरा.

प्रायमर आणि रंग घेताना

दुकानदाराला "पत्र्याला लावायचा प्रायमर" म्हटलं की तो कधी पिवळा झिंक क्रोमेट काढून देतो. गंज रोखायला तो उत्तम आहे, पण त्यातलं क्रोमियम विषारी आणि कर्करोगकारक असतं. मुलांच्या वस्तूला तो अजिबात लावू नका, त्याची भुकटी तर नाहीच नाही. पाण्यात मिसळणारा, सगळ्या पृष्ठभागांवर चालणारा पांढरा प्रायमर मागा. गंज लागलेल्या डब्यांना काही जण लाल रेड ऑक्साइड लावतात. तो थिनरचा असतो, वास उग्र, आणि त्यावर पिवळा किंवा पांढरा रंग झाकायला तीन-चार हात लागतात. गंजका डबा मी भेटीसाठी घेतच नाही.

रंगातल्या शिशाबद्दलही सांगायला हवं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) जास्त नसावं, असा नियम केंद्र सरकारने 2016 साली केला आणि तो 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. रंगाच्या डब्यावर तसं छापलेलं असतं, ते वाचून घ्या. हा नियम औद्योगिक रंगांना नाही. म्हणून गॅरेजमध्ये किंवा कारखान्यात उरलेला रंग कुणी फुकट दिला तरी तो मुलांच्या डब्यांसाठी घेऊ नका. फुकटचा रंग नाकारताना जीवावर येतं, मला माहीत आहे. तरीही नाकारा.

कडा, आणि इथे कुठलीही तडजोड नाही

रंग निघाला तर मूल हिरमुसतं. कड लागली तर बोट फाटतं. म्हणून रंगाचा विचार करायच्या आधी हे करा.

रिंग ओढून उघडणाऱ्या डब्याच्या तोंडाशी आतल्या बाजूला झाकणाची एक बारीक पट्टी उरते. ती डोळ्यांना दिसत नाही आणि पातीसारखी असते. वरून कापणाऱ्या साध्या ओपनरने उघडलेल्या डब्याला दातेरी काटे राहतात. बाजूने कापणारा ओपनर मिळाला तर झाकण शिवणीसकट निघतं आणि उरलेली कड बोथट असते, पण तरीही तपासा.

तपासायला बोट फिरवायचं नाही. कापसाचा बोळा हलका धरून तोंडाच्या कडेने आतून, वरून, बाहेरून फिरवा. जिथे कापसाचा एक तरी तंतू अडकला, तिथे धार आहे. ती जागा पेनाने खूण करून पक्कडीने आतल्या बाजूला दाबून सपाट करा, मग बारीक कानस फिरवा आणि परत कापूस लावा. कापूस स्वच्छ सुटेपर्यंत. त्यानंतर मी एम-सीलचे दोन्ही भाग सारखे घेऊन मळते, शेंगदाण्याएवढ्या जाडीची वळी करते आणि ओल्या बोटाने ती सगळ्या कडेवर बसवते. दुसऱ्या दिवशी ती दगडासारखी होते आणि तिच्यावर रंगही चांगला बसतो. हातमोजे घालूनच मळा.

ॲल्युमिनियमचे शीतपेयाचे कॅन कापून तारे आणि घंटा करायची टूम आहे. तो पत्रा जेमतेम 0.1 मिलीमीटर असतो, साध्या कात्रीने कापला जातो आणि बोटाला ब्लेडसारखा कापतो. अशा वस्तू झाडावर उंच टांगायला ठीक, मुलाच्या हातात भेट म्हणून मी देणार नाही.

खालून उघडायचा, आत गोळ्या भरायच्या, तळ परत चिकटवायचा आणि मुलाने रिंग ओढून वरून फोडायचा, असा "जादूचा डबा" मुलांना फार आवडतो. पण त्यात मुलाच्या हातात ताजं कापलेलं झाकण येतं. दहा-बारा वर्षांच्या पुढे, आणि मोठं माणूस शेजारी असताना.

कंदिलाची भोकं

रिकाम्या डब्यावर खिळा ठोकला की डबा चेपतो. म्हणून पाणी भरून बर्फ करून मग ठोकतात. पद्धत बरी आहे, पण बर्फ होताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं आणि डब्याचा तळ बाहेर येतो. मग कंदील टेबलावर डुलतो. पाणी अर्धं भरून गोठवा, मग उरलेलं भरून पुन्हा गोठवा, फुगवटा बराच कमी होतो. राहिलाच तर बर्फ वितळल्यावर लाकडी हातोडीने तळ आत बसवा. माझा आवडता उपाय मात्र सुरूच्या लाकडाचा ओंडका आहे. डब्यात जेमतेम जाईल असा एक तुकडा सुताराकडून गोल करून घेतला, तो दर वर्षी वापरते. बर्फ नाही, पाणी नाही, गंज नाही. आतल्या बाजूला भोकांचे काटे उभे राहतात, ते गोल कानशीने घासायचे, कारण दिवा ठेवायला हात आतच जातो.

दिवा मेणबत्तीचा नको, पत्रा तापतो. बॅटरीचा छोटा दिवा ठेवतात, पण त्यात बहुतेक सीआर 2032 हा 20 मिलीमीटरचा नाण्यासारखा सेल असतो. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतच आतून गंभीर भाजतं. सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारे दिवेच घ्या. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर त्या घरी कंदील देऊ नका, मणी-टिकल्या लावलेला डबाही देऊ नका. त्यांच्यासाठी आम्ही कापड गुंडाळलेला डबा करतो. एका आजीने आपल्या जुन्या लाल लुगड्याचा काठ दिला होता, त्यात गुंडाळलेले डबे रंगवलेल्यांपेक्षा देखणे झाले. रंगाची कटकट ज्यांना नकोच आहे, त्यांनी सरळ हेच करावं.

कापड, लेस, लाकडी तारे चिकटवायचं असेल तर पांढरा फेविकॉल उघड्या पत्र्यावर पकडत नाही. त्यातलं पाणी शोषलं गेलं तरच तो धरतो आणि पत्रा पाणी शोषत नाही. प्रायमर लावलेल्या डब्यावर कापड तो नीट धरतो. लाकूड किंवा धातूचा तुकडा लावायला अराल्डाइटसारखं दोन नळ्यांचं इपॉक्सी वापरा आणि रात्रभर दोऱ्याने बांधून ठेवा.

कुठल्या रविवारी काय

आगमनकाळाचा पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येतो. म्हणून आम्ही रविवारांवर अवलंबून राहणं सोडलं आणि तारखा धरल्या. नोव्हेंबरच्या मध्यापासून डबे गोळा करायचे. फराळ तेव्हा सुरू झालेला नसतो, म्हणून आदल्या नाताळचे डबे धुऊन, कोरडे करून, आत वर्तमानपत्राचा बोळा घालून वर्षभर ठेवतो. नोव्हेंबर संपायच्या आत मोठ्यांनी कडा, भोकं, घासणं आणि प्रायमर उरकायचं. मुलांनी रंगवायचं ते 6 डिसेंबरच्या, संत निकोलसच्या सणाच्या आसपास. पुढचे दोन आठवडे डब्यांना हात लावायचा नाही. 20 तारखेला चिकटपट्टीची परीक्षा आणि मग पिशव्या.

रंग निघालेला डबा दुरुस्त करता येतो

सुटलेल्या रंगावर नवा रंग चोपडू नका, तोही त्याच्याबरोबर निघेल. कढत पाण्यात डबा अर्धा तास ठेवला की ॲक्रिलिक रंग मऊ पडतो आणि बोथट पट्टीने खरवडता येतो. जिथे तो घट्ट बसला आहे तिथे राहू द्या, पण त्याची कड 220 च्या पेपरने घासून उतरती करा. मग पुसणं, प्रायमर आणि पातळ हात, सगळं वरच्यासारखं.

त्या मुलीचा डबा मी जानेवारीत असाच केला. तिचा तारा परत चिकटवता आला नाही, म्हणून तिनेच दुसरा काढला, या वेळी सहा टोकांचा. परवा तिच्या घरी गेले होते तेव्हा खिडकीत तो डबा होता, आत पट्टी, कंपास आणि तीन बोथट पेन्सिली. तारा जागच्या जागी आहे. तळाच्या शिवणीला दाण्याएवढा एक तांबूस ठिपका दिसला, तेवढा घासून प्रायमर लावायला डबा घेऊन आले आहे.